पाचवं दूध

आखातातल्या फहाहीलच्या ज्या घरात मी नवी नवरी म्हणून आले, त्याचा मालक एक अरब होता. भाडं आम्ही चार कुटुंबं मिळून भरायचो आणि हुकूम मात्र नूरीखालाचा चालायचा. मधे मोकळं अंगण, त्याला हौश म्हणायचे, आणि भोवती खोल्या. पाण्याची गाडी आली की आधी डबा कुणी लावायचा, मासळी कुठं साफ करायची, कुणाच्या नवऱ्यानं रेडिओ केव्हा बंद करायचा, सगळं ती ठरवायची. सकाळी ती दारात बसून मशेरी लावायची आणि तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. चूळ भरून झाली की मग ती सगळ्यांशी एकदम बोलायची.

ती बाणकोटजवळच्या वेसवीची. नवरा जवळच्या अहमदी शहरात एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. तो तापानं गेला, इथंच दफन झाला, आणि नूरीखाला गावी परतली नाही. गावी होतं कोण तिचं? तीन मुलं झाली होती, तिन्ही वर्ष भरायच्या आत गेली. मग तिनं दुसऱ्यांची मुलं न्हाऊ घालायचं काम धरलं. इथल्या आपल्या कोकणी माणसांच्या कुठल्याही घरी बाळंतपण झालं, मग ते दवाखान्यात होवो नाहीतर घरात, चाळीस दिवस आईला तेल लावायला आणि बाळाला न्हाऊ घालायला नूरीखाला जायची. माझ्याही मुलांना तिनंच न्हाऊ घातलं. पाय लांब करून त्यावर बाळ पालथं टाकायची आणि अशी चोळायची की बघणाऱ्या आईचा जीव वर यायचा. बाळ मात्र नंतर दुपार कलेपर्यंत झोपायचं. तोंडानं फटकळ. माझ्या थोरल्याचं नाक बसकं आहे हे मला सगळ्यात आधी तिनंच सांगितलं. मी कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

हे मी नुसतं कौतुक म्हणून सांगते आहे असं समजू नका. तिचा शब्द लोक फार मानायचे, आणि ज्याचा शब्द लोक फार मानतात त्याच्या हातून मोठ्या गोष्टी होतात, चांगल्या आणि वाईटही. असमाच्या बाबतीत तिच्या हातून दोन्ही झाल्या.

असमा आमच्या समोरच्या खोलीत राहायची. तिचा नवरा यूनुस मीना अल-अहमदीला जेट्टीवर होता, तेलाच्या बोटींना नळ जोडायच्या कामावर. ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. माणूस गरीब स्वभावाचा, बायकोला काय होतंय ते त्याला दिसत असावं, पण काय करावं ते कळत नव्हतं. दोन मुलगे, फारूक चार वर्षांचा आणि नझीर अजून दूध पिणारा. असमा दिसायला नाजूक, बोलायला त्याहून कमी. नझीर झाल्यापासून ती कुठंतरी हरवल्यासारखी असायची. चूल पेटवून तशीच समोर बसायची, भात करपला तरी उठायची नाही. बायका म्हणायच्या, बाहेरचं लागलंय. मी म्हणायचे, आळशी आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, तेव्हा माझं असंच असायचं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या खोलीतून फारूकचं रडणं यायला लागलं. दाराला बाहेरून कुलूप. आमच्या ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी ते तोडलं. आत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. नझीर निपचित पडला होता, ओठ पांढरे. नूरीखालानं त्याला मांडीवर घेतलं, बोटानं साखरमिठाचं पाणी थेंब थेंब घातलं, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. असमा समुद्रावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत बसलेली सापडली. सगळ्यांनी जाब विचारला, कुलूप का घातलंस. ती म्हणाली, बाहेर ऊन होतं, पोरं उन्हात जातील म्हणून.

जुम्याच्या नमाजानंतर जमातीची माणसं हौशात बसली. आपल्याकडे गावात जमात असते तशी ती लोकांनी इथंही बांधली होती. पुढे झहूरचाचा, तेलकंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला असलेले, नाकाच्या टोकावर चष्मा, माणूस सरळ. त्यांनी नूरीखालालाच विचारलं, दोन्ही मुलांना तू न्हाऊ घातलंस, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, पोरांना लांब करा. न्हाऊ घालून तिच्या मांडीवर दिलं तर ती हात पुढं करत नाही, पोराकडे बघत नाही. झालं. तिनं असं म्हटल्यावर पुढे बोलायचं काही उरलंच नाही. यूनुसच्या बहिणीकडे दाभोळला मुलांना पाठवायचं ठरलं, आणि आगबोटीनं सुट्टीवर निघालेल्या एका कुटुंबाबरोबर दोघं गेलीसुद्धा. असमा दारात उभी होती. रडली नाही. बायका म्हणाल्या, बघा, आईला काही वाटतंय का.

साठ साली तिला पुन्हा दिवस गेले, आणि मूल पोटात असतानाच त्याचं काय करायचं ते जमातीनं ठरवून टाकलं. पहिल्या दोघांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा ह्याला जन्मतःच दुसऱ्या घरी द्यायचं. घरही तयार होतं. मजीद आणि बानू, लग्नाला बरीच वर्षं झालेली, पोटी मूल नाही. मजीदचं कापडाचं दुकान होतं. बानू इतकी चांगली की तिच्याबद्दल वाईट बोलायला मलासुद्धा काही सापडायचं नाही. यूनुसनं मान खाली घालून हो म्हटलं. असमाला सांगण्यात आलं. सांगण्यात आलं, विचारण्यात नाही.

मुलगी झाली, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात बाळ एका बाईचं पाच वेळा पोटभर दूध प्यालं की ती त्याची दूधआई होते आणि तिचा भाऊ बाळाचा मामा होतो. परक्याची मुलगी घरात वाढवायची तर घरच्या पुरुषाशी असं काही नातं हवं, नाहीतर मोठी झाल्यावर तिनं त्याच्यापुढे पदर घेऊन वावरायचं. मजीदची बहीण फहाहीलमध्येच होती आणि तिचं स्वतःचं मूल अंगावर पीत होतं. ठरलं असं, की चाळीस दिवस बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, तेव्हा मजीदच्या बहिणीनं इथं येऊन पाजायचं. पाच वेळा झालं की झालं. बाकी डब्याचं दूध. असमानं छातीला लावायचं नाही, उगाच लळा लागेल. चाळिसाव्याचं न्हाण झालं की बानूनं मुलगी न्यायची. आणि पाच वेळा खरोखर पोटभर झालं का हे बघायला साक्षीदार म्हणून नूरीखाला.

तिनंच असमाच्या छातीला फडकं करकचून बांधलं, दूध आटावं म्हणून. पहिल्या तीन वेळा मजीदची बहीण आली, पाजून गेली. प्रत्येक वेळी असमा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नूरीखाला बाहेर येऊन म्हणायची, बघितलंस, तीच खोड, पोराकडं बघत नाही.

चौथ्या वेळी मी तिथं होते. आळिवाची खीर घेऊन गेले होते. खरं सांगायचं तर खीर निमित्त, मला बघायचं होतं. मजीदची बहीण पदराआड मुलीला घेऊन बसली होती, मुलगी चुटुचुटु पीत होती. असमा नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून. आणि नूरीखाला तिच्याकडे टक लावून बघत होती. मीही बघितलं. असमाचा हात अंथरुणावर हलत होता. थोपटत होती ती. रिकामं अंथरूण थोपटत होती, बाळाला थोपटतात तसं, अगदी हलकेच. मुलगी प्यायची थांबली की तिचा हात थांबायचा, मुलगी पुन्हा प्यायला लागली की पुन्हा सुरू. तिची पाठ आमच्याकडे होती, तिला दिसत काहीच नव्हतं, ती नुसती ऐकत होती. तिच्या कुडत्याची एक बाजू पार भिजली होती. फडकं बांधूनही दूध वाहत होतं.

नूरीखालानं मजीदच्या बहिणीला उंबऱ्यापर्यंत पोचवलं. पाचव्याला केव्हा येऊ असं तिनं विचारलं. नूरीखाला म्हणाली, मी सांगेन तेव्हा ये. मग दार लावून घेतलं, मला काही जा म्हणाली नाही. असमाजवळ बसून तिनं फडक्याची गाठ सोडायला घेतली.

"नको, खाला," असमा म्हणाली. "लळा लागेल."

"लागू दे," नूरीखाला म्हणाली.

मुलगी पोटभर प्याली होती, तरी आईच्या अंगाला लागली. असमा तेव्हा रडली. दोन वर्षांचं रडणं होतं ते. मी खीर तिथंच ठेवून बाहेर आले आणि माझ्या खोलीत जाऊन मीही रडून घेतलं.

पाचवं दूध झालंच नाही. मजीदच्या बहिणीनं दोनदा निरोप पाठवला, नूरीखालानं दोनदा काहीतरी सबब सांगितली. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या वेळी ती स्वतः बानूकडे गेली आणि सरळ सांगून आली, की मी अडवलंय, चाळिसाव्याला जमातीपुढे बोलेन. मजीद संतापला. जमातीनं ठरवलेलं मोडणारी ही कोण, असं तो झहूरचाचांकडे जाऊन बोलला. बानू भांडली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. ती दुसऱ्या दिवशी आली, हौशात माझ्या दारापाशी बसली, आणि तिनं एवढंच विचारलं की मुलीचं तोंड बघू देतील का. असमानं स्वतः मुलगी आणून तिच्या मांडीवर दिली. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

नूरीखालानं आपली गादी असमाच्या खोलीत हलवली. मी मनात म्हटलं, आता सगळं सुरळीत होणार. तसं काही होत नसतं. तिसऱ्या आठवड्यात असमाची नजर पुन्हा तशीच झाली. एका दुपारी नूरीखालाचा जेवणानंतर जरा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा मुलगी हौशात उघड्या उन्हात चटईवर होती आणि असमा रस्त्याला लागली होती. नूरीखालानं मुलीला पदराखाली घेतलं आणि अनवाणी तिच्या मागे गेली. मी छत्री घेऊन तिच्या मागे. वाळूचे चटके बसत होते. असमा पाण्याच्या कडेला उभी होती, पाय ओले. नूरीखालानं तिला ओढलं नाही की ओरडली नाही. तिथंच वाळूवर बसली आणि तिला म्हणाली, बस. बऱ्याच वेळानं ती बसली.

मग असमा बोलली, इतकी ती कधीच बोलली नव्हती. म्हणाली, पोर रडते ते मला ऐकू येतं, पण ती लांब कुठंतरी दुसऱ्याच्या घरात रडतेय असं वाटतं. मी उठून जावं असं वाटतं, आणि मग मी निघते, पण भलतीकडेच निघते. फारूकच्या वेळी थोडं झालं होतं, नझीरच्या वेळी फार. पुन्हा महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप ओसरतं. तेव्हा ओसरलं होतं, पण तोवर पोरं बोटीत बसली होती.

मी छत्री धरून उभी होते म्हणून मला नूरीखालाचं तोंड दिसलं. एवढी कणखर बाई, पण तिला असमाकडे बघवत नव्हतं.

चाळिसाव्याचं न्हाण झालं. येणाऱ्या जुम्याला जमात पुन्हा हौशात बसली. झहूरचाचा, मजीद, आणखी काही माणसं, यूनुस एका कडेला. आम्ही बायका आपापल्या दारांत. बानू माझ्याजवळ उभी होती. नूरीखालानं उठून सांगितलं की चार झाली, पाचवं मी होऊ दिलं नाही, नातं जुळलेलं नाही. आणि मग तिनं त्या दुपारची सगळी हकिकत सांगितली, ऊन, चटई, समुद्र, काही गाळलं नाही. मी तिला मागून चिमटा काढला. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं, जिंकल्यात जमा होतं. तिनं माझा हात झटकला.

मजीद म्हणाला, आता आणखी काय ऐकायचं राहिलंय? आणि मला वाटलं, खरंच, मुलगी गेली.

झहूरचाचांनी चष्मा काढून पुसला. "मग नूरी, तूच सांग. पोर हिच्याजवळ ठेवायची कशी?"

"मना विचारू नका," नूरीखाला म्हणाली. "मागच्या खेपेला मना विचारलात. आता तिला विचारा."

कुणाला कधी ते सुचलंच नव्हतं. झहूरचाचा असमाच्या दाराकडे वळले आणि म्हणाले, बोल पोरी. असमा पदर सावरून दारात आली. तिचा आवाज इतका बारीक होता, की पुरुषांना माना पुढं कराव्या लागल्या.

"पोर मना द्या," ती म्हणाली. "पण पोरीबरोबर मना एकटी ठेवू नका. कधी कधी मी हितंच असते, आन नसते."

आई स्वतःच असं म्हणाली म्हणजे तिच्याविरुद्ध दुसरा पुरावा कशाला, असं कुणी म्हणालं असतं तर चूक म्हणता आलं नसतं. पण तसं कुणी म्हणालं नाही. मग माझ्या शेजारून बानूचा आवाज आला.

"दुपारची मी येईन."

मजीदनं तिच्याकडे बघितलं, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो आवाज मी अजून विसरले नाही. स्वतःच्या तोंडचा घास काढून देताना माणसाचा आवाज असा इतका साधा असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी म्हटलं, सकाळची मी. मागं राहायला मी काही दगड नव्हते. नूरीखालानं तिथल्या तिथं कंपनीसारख्या शिफ्टा लावून टाकल्या आणि कुणी चुकलं तर काय करीन तेही सांगितलं. झहूरचाचांनी निकाल दिला की मुलगी आईजवळ राहील, आणि सगळं नीट चाललं तर दाभोळच्या दोघांनाही परत बोलवायचं. मुलीचं नाव हाजरा.

त्यानंतरचे दोन महिने सोपे गेले नाहीत, पण ओसरलं. असमाच्या हातचा भात करपायचा थांबला. बानू दुपारी यायची ती नंतरही येतच राहिली, गरज संपल्यावरसुद्धा. हाजरा तिला काय म्हणायची ठाऊक आहे? दुपारमाँ.

बासष्टमध्ये फारूक आणि नझीर परत आले. शुवेखच्या धक्क्यावर आम्ही टॅक्सी करून गेलो होतो. फारूक आठ वर्षांचा झाला होता, त्यानं सलाम केला, एखाद्या पाहुण्याला करतात तसा. नझीर ज्या माणसाबरोबर आला होता त्याच्या पायांना मिठी मारून उभा राहिला. असमानं हात पुढं केले तसा तो किंचाळला, फुफूकडे जायचंय म्हणाला. फुफू म्हणजे दाभोळची आत्या, त्याला तीच आई. असमानं हात मागे घेतले आणि सगळ्या वाटेनं ती त्याच्यापासून दोन वीत अंतर ठेवून बसली.

घरी आल्यावर मी चहा घेऊन गेले. नझीर कोपऱ्यात बसून स्फुंदत होता, हाजरा त्याला आपली बाहुली देऊ करत होती. नूरीखाला भिंतीला टेकून बसली होती. असमा तिच्यासमोर येऊन बसली.

"खाला, त्या वेळी मना का नाय विचारलात?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"चुकला माजा," नूरीखाला म्हणाली. "मना वाटला, तू बघत नाय म्हंजे तुला नकोत. माजी तीन गेली, मी एकदासुदा नजर काढली नव्हती त्यांच्यावरना. मना कळला नाय, असंही असता."

असमानं तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "आता विचारा."

"काय पाहिजे तुला, पोरी?"

"निजायचा हाय," असमा म्हणाली. "काल रातभर डोळा लागला नाय, पोरं येणार म्हणून. तुमी बसा यांच्याजवळ."

ती तिथंच आडवी झाली, तिघांच्या मधे, आणि लगेच झोपली. नूरीखाला उशाशी बसून राहिली. चहा गार झाला, तिनं घेतला नाही. थोड्या वेळानं नझीर स्फुंदायचा थांबला आणि कोपऱ्यातून झोपलेल्या बाईकडे बघू लागला, आणि नूरीखालानं मला खुणेनं सांगितलं की हलू नकोस, बघू दे त्याला.